घरच्या घरी मराठी घोषवाक्याचा टी-शर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सव, वारी, ढोल-ताशा पथक, मराठी भाषा गौरव दिन, सोसायटीची वृक्षलागवड, घरातलं लग्न. टी-शर्टवर चार शब्द हवेत असं वाटायला आपल्याकडे निमित्तांची वाण नाही. बाजारातून छापून आणणं सोपं आहे, पण दोन-पाच टी-शर्टच हवे असतील आणि अक्षर मनासारखं हवं असेल तर घरी करण्यासारखं दुसरं काही नाही. कापडाचे रंग, इस्त्री आणि एक चांगला कटर एवढ्यावर काम होतं. खरी मेहनत देवनागरी अक्षरावर घ्यावी लागते. या विषयावरची बहुतेक माहिती रोमन अक्षरं धरून लिहिलेली असते आणि आपले प्रश्न तिथे सुटत नाहीत, म्हणून इथे अक्षराबद्दल जास्त लिहिलं आहे.

टी-शर्ट कुठला घ्यावा?

सुती, शक्यतो शंभर टक्के. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. १८० जीएसएमचा टी-शर्ट रंगकामाला उत्तम. १५०च्या खालचा पातळ पडतो, रंग आरपार जातो आणि अक्षरं ओघळल्यासारखी दिसतात. २२०-२४०चे जाड, ढगळ टी-शर्ट हल्ली खूप मिळतात. त्यांच्यावर रंग फार छान बसतो, पण एप्रिल-मेमध्ये ते अंगावर नको होतात.

मॅरेथॉनमध्ये वाटतात ते सुळसुळीत पॉलिएस्टरचे टी-शर्ट कापडाच्या साध्या रंगांसाठी घेऊ नका. त्यांत रंग मुरत नाही, वरच्यावर राहतो आणि काही धुण्यांत सोलवटतो. कॉलरवाल्या टी-शर्टचं कापड अनेकदा खडबडीत, जाळीदार विणीचं असतं. त्यावर बारीक अक्षराच्या कडा फाटक्या येतात. गोल गळ्याचा, सपाट विणीचाच घ्या.

नवाकोरा टी-शर्ट आधी धुवायलाच हवा का?

हो. नव्या कापडावर खळ आणि मऊपणासाठी लावलेली रसायनं असतात, ती रंगाला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी रंगवून मग धुतलात तर कापड आटेल, रंगाचा थर आटणार नाही आणि अक्षरांवर सुरकुत्या येतील. साध्या पावडरीने धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नका, वाळवा आणि इस्त्री करा.

वाक्य किती मोठं असावं?

तीन ते पाच शब्द. रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाला तुमची छाती वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. एसटीचं ‘गाव तिथे एसटी’ बघा, तीन शब्दांत सगळं येतं. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ चार शब्दांचं आहे आणि त्यातला एक शब्द दोनदा येतो, त्यामुळे डोळ्यांना ते आणखी लहान वाटतं.

मोठं वाक्यच हवं असेल तर ओळी कुठे तोडायच्या हे आधी ठरवा. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा एका ओळीत लिहिली तर अक्षरं मुंगीएवढी होतील. पण ‘मुंबईसह’ लहान, त्याखाली ‘संयुक्त महाराष्ट्र’ मध्यम आणि ‘झालाच पाहिजे’ छातीभर मोठं, असं मांडलं तर घोषणेतला जोर कापडावर उतरतो. वाक्य मोठ्याने म्हणून बघा. आवाज जिथे चढतो तो शब्द मोठा करा.

१९८४मध्ये कॅथरीन हॅम्नेट ही ब्रिटिश फॅशन डिझायनर क्षेपणास्त्रांविरोधी घोषणेचा टी-शर्ट घालून पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना भेटायला गेली. पांढऱ्या कापडावर छातीभर काळी, ठसठशीत अक्षरं होती, दुसरी नक्षी नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोत वाचता यावीत एवढी ती मोठी होती. घोषवाक्याच्या टी-शर्टला आजही हेच माप लावावं असं मला वाटतं. नक्षी, फुलं, चित्र यांची हौस असेल तर त्यांना बाही आणि पाठ मोकळी आहे.

शुद्धलेखनाची एवढी काळजी का करायची?

कारण कागदावरचं खोडता येतं, कापडावरचं नाही, आणि मंडळाच्या तीस जणांच्या पाठीवर तीच चूक मिरवणूकभर फिरते. टी-शर्टांवर नेहमी चुकणारे शब्द ठरलेले आहेत. ‘तरूण मित्र मंडळ’ नव्हे, ‘तरुण’. ‘पारंपारिक वाद्य’ नव्हे, ‘पारंपरिक’. ‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. ‘जेष्ठ’ नव्हे, ‘ज्येष्ठ’. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत सहसा दीर्घ असतात: मूर्ती, पालखी, गुरू. ‘आणि’ हा ठळक अपवाद.

मसुदा कागदावर मोठ्या अक्षरात छापा आणि ज्याने तो लिहिलेला नाही अशा माणसाला वाचायला द्या. लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. घरात मराठी शिकवलेल्या मावशी, आजोबा कोणी असतील तर त्यांच्याकडे आधी जा. बोलीतलं वाक्य असेल, मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी, तर ते प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. ती बोली बोलणाऱ्याकडून तपासून घ्या.

अक्षराची उंची किती, आणि मजकूर कुठे यावा?

तीन मीटरवरून सहज वाचता यायला अक्षराची उंची किमान अडीच सेंटीमीटर हवी, आणि ती शिरोरेषेपासून पायापर्यंतच मोजायची. वेलांट्या, मात्रा, रफार वर जातात आणि उकार खाली येतात, त्यांची जागा वेगळी धरा. म्हणून दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली की सगळं गिचमिड होतं. ‘गुरू’खाली ‘की’ येतंय का, ‘पूर्ण’च्या खाली ‘मोठी’ येतंय का, असं प्रत्येक जागी बघा. शब्द थोडे डावीउजवीकडे सरकवले तरी बहुतेक वेळा भागतं.

मजकूर गळपट्टीच्या चार बोटं खाली सुरू करा. पोटावर उतरलेलं अक्षर बसल्यावर चुरगळतं. मोठ्या माणसाच्या टी-शर्टवर रुंदी २५ ते २८ सेंटीमीटर पुरे, म्हणजे आडवा ए-फोर कागद. मध्य काढायला टी-शर्ट उभा दुमडा, दोन्ही खांदे आणि बाह्या जुळवा आणि घडीवर हलकी इस्त्री फिरवा. ती रेघ पुढे कामभर उपयोगी पडते.

फॉन्ट कुठला चांगला? की हातानेच लिहावं?

हात चांगला असेल तर हातानेच. कटनिब किंवा चपट्या कुंचल्याने कागदावर लिहून तेच अक्षर टी-शर्टवर उतरवलं, तर तसा टी-शर्ट दुसऱ्या कोणाकडे असणार नाही. गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी ठसठशीत देवनागरीची एक मोठी परंपरा आपल्याला दिली आहे. त्यांच्या पाट्या जिथे उरल्या आहेत तिथे थांबून बघा: शिरोरेषा किती जाड, ‘र’चा पाय कुठे थांबतो, जोडाक्षर कसं रचलंय.

फॉन्टच वापरायचा तर फुकट आणि खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू दोन्ही ठळक वजनात घोषवाक्याला शोभतात. त्यांचाच ‘मोदक’ दिसायला लोभस आहे, पण त्यातल्या पोकळ्या इतक्या बारीक असतात की हाताने साचा (म्हणजे अक्षराची जागा कापून काढलेली शीट, जिच्यातून रंग लावतात) कापणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इस्त्रीने चिकटणाऱ्या कागदावर छापायला तो चालेल. ‘खंड’ अरुंद आहे, लांब शब्द कमी जागेत बसवतो. हस्ताक्षराचा भास हवा असेल तर ‘कलम’.

फॉन्ट घेतला की त्यातला ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वेगळे दिसतात, आणि २००९च्या शासन निर्णयातही तीच वळणं मराठीसाठी प्रमाण धरली आहेत. अनेक फॉन्टांत हिंदी वळण आपोआप येतं. काहींमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की अक्षर बदलतं. मराठीचा अभिमान सांगणारा टी-शर्ट असेल तर एवढं बघायलाच हवं.

संगणकावर जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करावं?

याची दोन कारणं असतात. एक, मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवातला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. दोन, चित्रांकनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागते. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडायचा असतो. इंकस्केप किंवा लिब्रेऑफिस ही फुकट सॉफ्टवेअर जोडाक्षरं मुळातच नीट दाखवतात, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

दुकानात फाइल देताना अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून पीडीएफ द्या, मग समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो. आणि छापायच्या आधी ‘क्ष, ज्ञ, श्र, द्ध, ष्ट्र, र्क’ एकदा डोळ्यांखालून घाला. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हटकून बिघडतो, त्याचा रफार होतो आणि ‘वार्या’ वाचावं लागतं. मराठी कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असं टाइप केलं की तो बरोबर येतो.

देवनागरी अक्षराचा साचा कसा कापायचा? मधले तुकडे गळून पडतात.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

‘व’ कापला की त्याच्या पोटातला गोल सुटा होतो. ‘ब’, ‘क’, ‘ठ’ यांचंही तसंच. आपल्याकडे त्यात शिरोरेषेची भर पडते. ‘प’, ‘म’, ‘ष’ यांच्या वरचं तोंड शिरोरेषा बंद करते, म्हणजे तीही बंद पोकळी. शिवाय शिरोरेषा म्हणजे साच्यात सलग लांब फट. तिच्या वरचा भाग लोंबकळतो आणि रंग लावताना उचलला जातो.

पहिला उपाय पुलांचा. पोकळीतला तुकडा बाकीच्या साच्याशी दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्टीने जोडलेला ठेवायचा. पूल कुठेही टाकू नका. लिहिताना जिथे हात उचलला जातो किंवा वळण सुरू होतं, तिथे तो खपून जातो. ‘व’मध्ये गोल उभ्या काठीला मिळतो तिथे, ‘प’मध्ये डावी रेघ शिरोरेषेपासून निघते तिथे, ‘म’मध्ये शिरोरेषेलगत डावीकडे. शिरोरेषा अक्षराअक्षरांमध्ये थोडी तोडा, मालगाडीच्या डब्यांवरच्या मजकुराला जसे खंड असतात तशी. पुलाच्या जागा रंगल्यानंतर बारीक कुंचल्याने भरता येतात, पण मला त्या तशाच ठेवायला आवडतं. साच्याने छापलेल्या अक्षराला त्याचं स्वतःचं रूप असतं.

दुसरा उपाय चिकट साच्याचा, आणि एकदोन टी-शर्टांसाठी मी तोच सुचवेन. पुस्तकांना घालायची पारदर्शक चिकट शीट घ्या, तिच्यावर मजकूर उलट न करता उतरवा, कापा आणि आख्खी शीट कापडावर चिकटवा. पोकळ्यांतले तुकडे वेगळे जागच्या जागी चिकटवले की पुलांची गरजच नाही. ते नेमके बसावेत म्हणून मूळ कागद शीटखाली ठेवून बघा, किंवा कापलेली शीट रुंद चिकटपट्टीने जशीच्या तशी उचलून एकदमच कापडावर न्या.

कापायचा कंटाळा असेल तर गाड्यांचे नंबर आणि स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. त्याच्या यंत्रावर तुमची फाइल दोन मिनिटांत कापली जाते. त्याला एवढंच स्पष्ट सांगा: ‘अक्षर काढून टाका, भोवतालचं राहू द्या.’ तो नेहमी याच्या उलट करत असतो. रेडियमची चिकट बाजू आधी जुन्या चादरीवर एकदा दाबून उचला, म्हणजे टी-शर्टचे तंतू ओढले जाणार नाहीत.

साचा पुन्हापुन्हा वापरायचा असेल तर जुनी एक्स-रे फिल्म किंवा प्रोजेक्टरची पारदर्शक ओएचपी शीट. दोन्ही धुऊन ठेवता येतात. पुठ्ठा मात्र दोनतीन छापांत भिजून कडा सोडतो. कटरचं पातं नवं हवं. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की पातं घसरतं. वळणं कापताना पातं न फिरवता खालचा कागद फिरवा, आणि आधी आतल्या पोकळ्या, मग बाहेरची रेघ, मग शिरोरेषा असा क्रम ठेवा.

रंग कुठला आणि लावायचा कसा?

कापडाचे ॲक्रिलिक रंग स्टेशनरीच्या दुकानात छोट्या बाटल्यांत मिळतात. फेविक्रिल, कॅमल हे ब्रँड सगळीकडे सापडतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट अशा सामानासाठी प्रसिद्ध आहे. कॅनव्हासवरचा साधा ॲक्रिलिक रंग कापडावर कडक होतो आणि तडकतो. तोच वापरायचा तर त्यात मिसळायचं ‘फॅब्रिक मीडियम’ मिळतं.

टी-शर्टच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा घाला, नाहीतर रंग पाठीवर उतरेल. कापड ताणू नका, फक्त सपाट करा. रंगात पाणी घालू नका. पाण्याबरोबर रंग साच्याखाली पसरतो आणि कडा जातात. भांड्याच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग अक्षरावर उभा टिपत जा. कुंचला ओढला की रंग साच्याच्या कडेखाली ढकलला जातो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. दुसरा थर ओलसर असतानाच साचा सरळ वर उचला. पूर्ण वाळू दिलात तर थराची साल साच्याबरोबर निघते.

काळ्या टी-शर्टवर पिवळा रंग दिसतच नाही. का?

कारण साधे रंग थोडे पारदर्शक असतात, कापडाचा काळा त्यांतून वर येतो. आधी अपारदर्शक पांढऱ्याचे दोन थर द्या, पूर्ण वाळवा, साचा न हलवता वर पिवळा किंवा भगवा द्या. छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात गडद कापडासाठी ‘खादी’ नावाने घट्ट अपारदर्शक पेस्ट मिळते, ती त्याहून सोयीची. सोनेरी, चंदेरी रंग काळ्यावर एका थरातही उठून दिसतात.

ब्लीचने अक्षर काढता येतं का?

येतं, आणि ते सुंदर दिसतं. काळ्या सुती कापडावर घरगुती ब्लीच लावलं की रंग उडून बहुधा तांबूस-नारिंगी छटा येते. कुठली येईल ते त्या कापडाच्या मूळ रंगावर ठरतं, म्हणून आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून बघा. पॉलिएस्टरवर काही होत नाही आणि लायक्रा मिसळलेलं कापड खराब होतं.

खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. हवी ती छटा आली की लगेच भरपूर वाहत्या पाण्यात धुवा. ब्लीच थांबवायला व्हिनेगर वापरा असा सल्ला फिरतो, तो घातक आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. फोटोग्राफीचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाण्यात विरघळवून त्यात टी-शर्ट बुडवला की ब्लीच सुरक्षितपणे थांबतं. हे काम मुलांना देऊ नका.

पावसाळ्यात रंग वाळतच नाही. मग?

वारी आषाढात आणि गणपती भाद्रपदात, म्हणजे आपले बहुतेक टी-शर्ट ऐन पावसातच रंगवले जातात. बाटलीवर लिहिलेले वाळण्याचे तास कोरड्या हवेसाठी असतात. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ते दुप्पट धरा. पंख्याखाली आडवा ठेवा, दोरीवर टांगू नका. हेअर ड्रायर गार हवेवर चालेल. वरून कोरडा आणि आतून ओला थर इस्त्रीखाली गेला की बुडबुडे येतात आणि नंतर पापुद्रे निघतात. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गारवा जाणवला तर ओल आहे.

दिंडीत घालायचा टी-शर्ट निघण्याच्या निदान आठवडाभर आधी तयार हवा. नीट पक्का झालेला रंग पावसात भिजला तरी काही होत नाही.

रंग पक्का कसा करायचा? मिठाच्या पाण्यात बुडवावा का?

मिठाचा इथे काही उपयोग नाही. काही कापडं रंगवताना रंग धाग्याकडे ओढला जावा म्हणून मीठ घालतात, ती गोष्ट वेगळी. आपण वापरतो तो रंग धाग्याभोवती चिकटून बसणारा थर आहे आणि तो उष्णतेने पक्का होतो. व्हिनेगर, तुरटी यांनीही काही साधत नाही.

किमान एक दिवस वाळल्यावर टी-शर्ट उलटा करा आणि मागच्या बाजूने, वाफ बंद ठेवून, सुतीच्या तापमानावर तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवत राहा. पुढून करायची तर मध्ये सुती कापड ठेवा. त्यानंतर तीन दिवस धुवू नका. रंगाच्या (मेंदीसारख्या) कोनातून काढलेल्या उठावदार रेघांवर इस्त्री टेकवू नका, त्या चपट्या होतात.

इस्त्रीने चिकटणारा कागद आणि व्हिनाइल यांत काय फरक?

इस्त्रीचा कागद घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापता येतो, फोटोही उतरतो, पण अक्षराभोवती पातळ पारदर्शक पापुद्रा राहतो आणि तो काही महिन्यांत तडकतो. एका दिवसाच्या कार्यक्रमाला ठीक. व्हिनाइल म्हणजे एकाच रंगाची कापलेली शीट. ती जास्त टिकते आणि अक्षर कोरीव दिसतं. साधारण १५० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा सेकंद दाब द्यायचा असतो. नेमका आकडा पाकिटावर असतो, तोच पाळा. घरची इस्त्री घासत फिरवायची नाही. एका जागी अंगाचा भार देऊन दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, तिथे दाब बसत नाही, म्हणून जागा थोडी बदलून पुन्हा दाबा.

व्हिनाइल आणि फिकट कापडासाठीचा कागद यांवर मजकूर आरशातल्यासारखा उलटा हवा. गडद कापडाच्या कागदावर सहसा सरळ. देवनागरीत उलटा मजकूर पटकन ओळखू येत नाही, म्हणून छापलेला कागद आरशासमोर धरून वाचून घ्या.

मंडळासाठी पंचवीस-तीस टी-शर्ट हवेत. घरी होतील का?

साच्याने कंटाळाल, स्क्रीनने होतील. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर मजकुराची जागा उघडी आणि बाकीची बंद. ती बंद करायला लागणाऱ्या रसायनात अनेकदा डायक्रोमेट असतं आणि ते विषारी आहे. म्हणून स्क्रीन घरी बनवू नका. लग्नपत्रिका छापणाऱ्या, स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या दुकानातून ती तयार करून घ्या. ‘कापडावर छापायचं आहे’ हे आधी सांगा, कारण कागदासाठी जाळी बारीक लागते आणि कापडासाठी मोकळी.

मग घरी टेबलावर चादर अंथरा, टी-शर्ट पुठ्ठ्यावर चढवा, स्क्रीन टेकवा, वरच्या कडेला पाण्याच्या आधाराचा छपाईचा रंग ओता आणि रबरी स्क्वीजीने तिरक्या कोनात एका दमात खाली ओढा. दोघं लागतात: एक स्क्रीन घट्ट धरायला, एक ओढायला. तिसरा टी-शर्ट लावत-काढत राहिला तर एका संध्याकाळी सगळे होतात. मध्ये चहाला थांबायचं असेल तर स्क्रीनवर ओलं फडकं टाकून जा. जाळीत रंग सुकला की स्क्रीन गेली. दुकानांत वापरतात तो प्लॅस्टिसॉल रंग घरी आणू नका. त्याला सगळीकडे एकसारखी साधारण १६० अंशांची उष्णता लागते आणि ती घरी मिळत नाही.

रंगाशिवाय सजावट कशी करता येईल?

खणाच्या कापडाची अक्षरं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रात घराघरांत आहे, चोळी शिवून उरलेले तुकडेही असतात. दोन्ही बाजूंनी इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग खणाच्या मागे इस्त्रीने लावा, मग अक्षर कापा, टी-शर्टवर ठेवून पुन्हा इस्त्री करा आणि कडेने साखळी टाका घाला. फ्युजिंगमुळे कडा सुटत नाहीत, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका, टाका हवाच. खणाचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. जांभळा आणि लाल दगा देतात.

टी-शर्टचं कापड ताणलं जातं म्हणून भरतकाम करताना मागे पातळ कागद टाचा, त्यातूनच टाके घाला आणि नंतर कागद फाडून काढा. लिखाणाला उलटी टीप किंवा साखळी टाका उत्तम. टिकल्या आणि आरसे शिरोरेषेवर किंवा अनुस्वाराच्या जागी खुलतात. ‘आनंद’मधला अनुस्वार एका आरशाचा करून बघा.

लहान मुलांबरोबर काय करावं?

बटाट्याचे किंवा भेंडीचे ठसे, हाताचे पंजे आणि मध्ये मोठ्यांनी कापलेल्या साच्यातून मुलाचं स्वतःचं वाक्य. वाक्य मुलालाच ठरवू द्या. बटाट्यात अक्षर कोरायचं तर ते उलटं कोरावं लागतं. ‘ग’ आणि ‘र’ जमतात, ‘क्ष’चा नाद नको.

कवितेची ओळ, लोगो किंवा झेंडा छापला तर चालतं का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. ज्ञानेश्वर-तुकोबांच्या ओळींना तो प्रश्न नाही. कुसुमाग्रजांचं निधन १९९९मध्ये झालं, म्हणजे २७ फेब्रुवारीला त्यांची ओळ छापून टी-शर्ट विकायचे असतील तर २०५९ संपेपर्यंत परवानगी घ्यायला हवी. कंपन्यांचे, संघांचे लोगो छापून विकणंही तसंच अडचणीचं.

राष्ट्रध्वजाबाबत कायदा स्पष्ट आहे. १९७१च्या राष्ट्रसन्मान कायद्यानुसार ध्वज पोशाखाच्या कापडावर छापता किंवा भरता येत नाही, आणि ध्वजावर अक्षरं लिहिणंही निषिद्ध आहे. १५ ऑगस्टला केशरी, पांढऱ्या, हिरव्या रंगांत घोषणा रंगवा, ध्वज नको. निवडणुकीत मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, तिथे पक्षाच्या घोषणेचा टी-शर्ट घालून जाऊ नका.

धुताना काय सांभाळायचं?

उलटा करून, गार पाण्यात, साध्या पावडरीने. अक्षरावर ब्रश मारू नका, पिळताना अक्षर मुरगळू नका. वाळतही उलटाच घाला. आपलं ऊन कापडाला फार फिकं करतं.

एवढं करूनही डाग पडला किंवा कडेला रंग पसरला तर?

ओला असेल तर लगेच मागून गार पाण्याची धार सोडा आणि साबण लावा, बराचसा निघतो. वाळलेला ॲक्रिलिक निघत नाही. तो झाकायचा. बाहेर गेलेल्या कडेवर कापडाच्याच रंगाची बारीक रेघ मारा, किंवा संपूर्ण अक्षराला गडद बाह्यरेषा द्या. सुट्या ठिपक्यावर टिकली किंवा लहानसं फूल येऊ शकतं, पण मग तसंच आणखी दोन-तीन ठिकाणी काढा, नाहीतर ते एकटं डोळ्यात भरतं. अक्षरच चुकलं असेल तर त्या आख्ख्या शब्दावर खणाची पट्टी लावा आणि पट्टीवर शब्द पुन्हा लिहा. पट्टी मजकुराच्या पूर्ण रुंदीची घेतली तर ती मुद्दाम केलेली वाटते.